झाकण नसलेले मडके

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाची मडकी फुटून त्यांची पुन्हा माती झाली आणि त्या मातीची पुन्हा मडकी झाली.

एका डोंगराच्या कुशीत कुंभारांची एक वाडी होती. वाडी लहान, पण तिचे नाव दूरवर होते. एक तर तिथल्या मडक्यांमुळे. बोटाने टिचकी मारली तर ती घंटेसारखी वाजत. आणि दुसरे, तिथल्या प्रार्थनाघरामुळे. वाडीतली सगळी माणसे प्रभू येशूला मानणारी होती. रविवारी चाके थांबत, हातांची माती धुतली जाई, आणि म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सारे प्रार्थनाघरात चटयांवर मांडीला मांडी लावून बसत.

खालच्या गावांतले लोक म्हणत, "त्या वाडीवर देवाचा हात आहे हो. तिथे कुणी उपाशी झोपत नाही."

हे कौतुक वाडीला फार आवडायचे. पुढे जे झाले, ते या कौतुकापायीच झाले.

वाडीत दोन गोष्टी सगळ्यांच्या मिळून होत्या. पहिली म्हणजे आवा, मडकी भाजायची मोठी भट्टी. एकट्या घराच्या जिवावर ती पेटत नसे. प्रत्येक घराने पाच पाट्या गोवऱ्या आणायच्या, सगळ्यांची कच्ची मडकी एकत्र रचायची, वर पेंढा आणि राख पसरायची आणि मगच विस्तव द्यायचा, अशी रीत होती. भाजलेली मडकी गाढवांवर लादून खालच्या गावांत न्यायची. मडक्याची किंमत ठरलेली: त्यात मावेल तेवढे धान्य.

दुसरी गोष्ट म्हणजे उपकाराचा रविवार. थंडी सुरू झाली की हा दिवस येई. प्रत्येक घर एका नव्या मडक्यात आपल्या घरचे काहीतरी घालून, वर झाकण ठेवून, वेदीपुढे आणून ठेवी. कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी गूळ, कुणी लसूण. मग घरातले एक माणूस उभे राही आणि देवाचा एक उपकार मोठ्याने सांगे. शेवटी सगळी मडकी एकाच कढईत रिकामी होत आणि जे काही शिजेल ते सगळे मिळून खात. याला ते प्रीतिभोजन म्हणत. गूळ आणि लसूण एकत्र शिजल्यावर चव काय होणार? पण वर्षभर मुले त्या चवीची वाट पाहत.

खरे सांगायचे तर हा सण हळूहळू बिघडत चालला होता. "देवा, तुझे उपकार, तू आम्हाला दुभती म्हैस दिलीस," असे एकाने म्हटले की दुसरा म्हणे, "देवा, तुझे उपकार, आमच्याकडे तशा दोन आहेत." तोंड वेदीकडे असे आणि बोलणे शेजाऱ्याला.

मग एका वर्षी गुरांवर साथ आली. आज एका गोठ्यात, उद्या दुसऱ्या. बघता बघता डोंगरावरचे सगळे गोठे रिकामे झाले. दूध गेले, आणि दुधाबरोबर शेणही गेले.

दुधावाचून कुंभार कसाबसा जगेल, पण शेणावाचून कसा जगणार? शेण नाही तर गोवऱ्या नाहीत. गोवऱ्या नाहीत तर आवा नाही. आवा नाही तर मडकी नाहीत, आणि मडकी नाहीत तर धान्य नाही. डोंगरावर झाडे होती, ती पूर्वजांनी केव्हाच आव्यात घातली होती.

तरी प्रत्येक घराच्या मागे जुन्या गोवऱ्यांची थोडी रास उरली होती. कुणाकडे तीन पाट्या, कुणाकडे चार. पाच मात्र कुणाकडेच नव्हत्या.

आव्याची देखरेख नहूमदादा करत असे. तो थोराड, भरदार मिशांचा, रीतीला पक्का माणूस होता. त्याने एका रविवारी विचारले, "मंडळी, आवा कधी लावायचा?"

एकजण म्हणाला, "माझी मडकी अजून ओली आहेत. पुढच्या आठवड्यात बघू."

दुसरा म्हणाला, "माझी पाठ धरली आहे. आता वाकवत नाही."

तिसरा म्हणाला, "माझं काय, मी केव्हाही तयार आहे. पण सगळ्यांचं जमू दे."

"बरं, मग पुढच्या आठवड्यात," नहूमदादा म्हणाला, आणि मिशीआड हळूच सुटकेचा श्वास सोडला. त्याच्याही घरामागे पाच पाट्या नव्हत्या.

असे आठवडे गेले. कणग्या तळाला लागल्या. आणि मग वाडीत एक विचित्र गोष्ट सुरू झाली.

पहिला धूर कुणी केला, हे शेवटपर्यंत कळले नाही. कुणाच्या तरी घरात शिजवायला काही नव्हते. पण चूल पेटली नाही तर छपरातून धूर निघणार नाही, धूर निघाला नाही तर शेजारी विचारणार, आणि शेजाऱ्याला कळले की खालच्या गावांना कळणार. ते म्हणणार, "एवढ्या प्रार्थना करतात, तरी यांचा देव झोपला वाटतं." म्हणून त्या माणसाने रिकामे मडके पाण्याने भरले, चुलीवर चढवले आणि खाली गोवऱ्या सारल्या. छपरातून छान धूर निघाला.

तो धूर पाहून शेजारीण मनात म्हणाली, "त्यांच्याकडे शिजतंय. आमच्याकडेच नाही." आणि तिनेही पाणी चढवले.

थोड्याच दिवसांत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक छपरातून धूर निघू लागला. खालच्या गावांतून पाहणाऱ्यांना वाटे, अहाहा, काय सुखी वाडी आहे! आणि ज्या गोवऱ्यांवर आवा पेटायचा, त्या गोवऱ्या पाणी उकळण्यात जळत होत्या.

रविवारी प्रार्थनाघर निम्मे रिकामे राहू लागले. उपाशी माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? जवळ बसलेल्या माणसाला आपल्या पोटातली गुरगुर ऐकू जाईल याची.

या वाडीत लुदिया नावाची एक बाई राहत होती. नवरा देवाघरी गेल्यावर ती त्याच्या चाकावर बसली. वाडीने आधी नाक मुरडले, मग तिची मडकी पाहिली आणि गप्प बसली. तिच्या घरी दोघेच: सहा वर्षांची मुलगी एस्तू आणि एक म्हातारे गाढव.

लुदियाही पाणी उकळायची. धूर डोळ्यांत जायचा, तेव्हा रडायला निमित्त मिळायचे. पण एस्तूच्या गळ्याचे हाड दिसू लागले, तशी ती घाबरली. दूरच्या शहरात तिची नणंद राहायची. तिला मूलबाळ नव्हते, एस्तूवर तिचा फार जीव होता. लुदियाने तिला निरोप धाडला. उलट निरोप आला: "वहिनी, उपकाराच्या रविवारसाठी येते. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन जाते. तिच्यासाठी झगा शिवला आहे."

लुदियाने होकार दिला. त्या दिवसापासून एस्तू आईच्या पदराचे टोक मुठीत धरूनच झोपू लागली.

सण चार दिवसांवर आला, तेव्हा लुदिया गाढव घेऊन ओढ्यावर पाणी आणायला निघाली. वाटेत गाढव थांबले.

"चल रे," लुदिया म्हणाली.

"नाही चालत," गाढव म्हणाले.

हसू नका. भुकेल्या माणसाला अशा पुष्कळ गोष्टी ऐकू येतात, ज्या पोटभर जेवलेल्यांना येत नाहीत.

लुदियाने इकडेतिकडे पाहिले. "कोण बोललं?"

"मीच. आणि माझ्याशी जरा नीट बोल. आमच्यातल्याच एकाच्या पाठीवर बसून प्रभू यरुशलेमात गेला होता. लोकांनी त्याच्या वाटेवर अंगावरचे कपडे अंथरले. आणि मला इथे मूठभर कोंडा नाही."

"कुठून देऊ कोंडा?" लुदिया रडकुंडीला आली. "माझ्याकडे दळायलाच काही नाही. सगळ्या वाडीत शिजतंय. देवाने फक्त माझ्याच घराकडे पाठ फिरवली आहे."

"सगळ्या वाडीत?" गाढवाने कान हलवले. "बाई, मी रोज प्रत्येक घराचा उकिरडा हुंगून येतो. माझा तो धर्मच आहे. पण कुठे भाजीचं देठ नाही, कुठे कोंडा नाही, कुठे खरवड नाही. सगळीकडे नुसती राख. एवढा धूर निघतो आणि माझ्यासाठी एक साल पडत नाही? मी गाढव आहे, पण एवढं गाढव नाही."

लुदिया वाटेतच खाली बसली. मग उठली, पाणी भरले आणि घरी आली. हातात खापराचा तुकडा घेऊन ती शेजारच्या सलोमीकाकूकडे गेली. चुलीसाठी शेजारून दोन निखारे मागून आणणे ही तेव्हा रोजचीच गोष्ट होती.

"काकू, विस्तव द्या जरा."

सलोमीकाकू गोलमटोल होती; म्हणजे पूर्वी होती. ती चुलीपुढे अशी सरकून बसली की मडके दिसू नये.

"घे की. आज काय करतेयस?"

"घेवडा," लुदिया म्हणाली. सवयीने तोंडातून निघून गेले.

"अरे वा. आमच्याकडे हुलगे. मेले शिजतच नाहीत. सकाळपासून बसलेय."

"हुलग्यांना वेळ लागतोच, काकू."

"तेच म्हणते मी."

चुलीवरचे मडके खदखदत होते. नुसत्या पाण्याचे मडके वेगळे वाजते आणि दाणे असलेले वेगळे. कुंभारणीला हे कुणी शिकवावे लागत नाही. लुदियाने सलोमीकाकूच्या मनगटाकडे पाहिले. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. एवढीशी बाई, पण वाडीतल्या प्रत्येक बाळंतिणीला हिने डिंकाचे लाडू करून घातले होते. एस्तूच्या वेळी लुदियालाही.

क्षणभर तिला वाटले, काकूला सरळ सांगावे, "तुमच्या मडक्यात पाणी आहे." पण ती गप्प राहिली. दुसऱ्याचे झाकण उघडण्याचा आपल्याला काय अधिकार? आपले तेवढे आपल्या हातात असते.

ती निखारे घेऊन घरी आली, पण चूल पेटवली नाही. त्या दिवशी तिच्या छपरातून धूर निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एस्तूने विचारले, "आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," लुदिया म्हणाली, आणि घरामागच्या उरलेल्या गोवऱ्या मोजायला गेली. दीड पाटी होती.

उपकाराचा रविवार उजाडला. आदल्या संध्याकाळी नणंद आली होती. उंच, शिडशिडीत, बोलायला फटकळ, आणि दर थोड्या वेळाने एस्तूचे केस कुरवाळणारी. तिच्या काखेत एक फडके होते, त्यात भाकरी बांधलेल्या होत्या. "या सोडायच्या नाहीत हं," ती म्हणाली होती. "परवा वाटेत पोरीला भूक लागेल. शहर लांब आहे."

त्या दिवशी मात्र प्रार्थनाघर गच्च भरले. न येऊन कसे चालणार? न येणे म्हणजे आपणहून सांगणेच झाले. एकेक घर आपले मडके घेऊन येत होते. सगळ्यांवर झाकणे. सलोमीकाकूने तर आपले मडके दोन्ही हातांनी, कण्हत कण्हत आणले, जणू तांदळाने काठोकाठ भरले आहे.

वाडीचे पाळकबाबा समोरच्या लाकडी चौथऱ्यावर उभे होते. म्हातारे, प्रेमळ, आवाज थोडा कापरा. त्यांनी प्रार्थना केली. मग लोक एकेक करून उठू लागले.

नहूमदादा उठला. "देवा, तुझे उपकार, आमच्या घरात कशाचीही कमी नाही." तो खोकला आणि खाली बसला.

सलोमीकाकू उठली. "देवा, तुझे उपकार, आमच्याकडे सगळं भरपूर आहे." आणि तिने झटकन डोळे पुसले.

मग लुदिया उठली. तिच्या मडक्यावर झाकण नव्हते. तिने ते वेदीपुढे ठेवले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या लोकांनी आत डोकावून पाहिले. आत गोवरीचे तुकडे होते.

कुजबूज सुरू झाली. "वेदीपुढे शेण?" "उपवासाने डोकं फिरलं वाटतं." "उपवास कसला? यांच्याकडे तर घेवडा शिजतो."

लुदियाने एस्तूकडे पाहिले. एस्तू आत्याच्या मांडीवर बसली होती, नवा झगा घालून. झगा दोन बोटे सैल होत होता.

"देवबापा," लुदिया म्हणाली, "मी आधी खोटं काय ते सांगते आणि मग उपकार सांगते. महिनाभर मी चुलीवर नुसतं पाणी चढवत होते. धूर दिसावा म्हणून. तुझं नाव खराब होऊ नये म्हणून हे करतेय, असं मी मनाला सांगत होते. पण तुझी काळजी नव्हती मला, माझीच होती. माझ्याकडे घेवडा नव्हता. माझ्याकडे काहीच नव्हतं. उद्या माझी एस्तू आत्याबरोबर जाणार आहे, कारण मला तिला खायला घालता येत नाही."

बाहेर गाढव शेपटी हलवत होते, ते आत ऐकू आले.

"आता उपकार. देवा, तुझे उपकार, की दीड पाटी गोवऱ्या जळायच्या राहिल्या आहेत. आव्याला पाच लागतात, हे मला माहीत आहे. माझ्याकडे दीडच आहे. ती मी आणली आहे, बाहेर गाढवावर आहे. आणि तुझे उपकार, की मी रडते तेव्हा पलीकडे भिंतीला लागून कुणीतरी राहतं. एवढंच."

ती खाली बसली.

मग सलोमीकाकू म्हणाली, "म्हणजे तो घेवडा..."

"पाणी होतं, काकू."

"अगं सटवे!" सलोमीकाकू ताडकन उभी राहिली. "माझे हुलगेही पाणीच होते! आणि मी रोज जळत होते, की लुदियाकडे घेवडा शिजतो आणि वाटीभर आणून देत नाही!"

ती वेदीपुढे गेली आणि तिने आपल्या मडक्याचे झाकण काढले. आत ओढ्यातला एक मोठा गोटा होता.

"वजनासाठी घातला," ती म्हणाली, आणि हसता हसता रडू लागली. "देवा, मला माफ कर. उचलताना कंबर मोडली माझी."

कुणीतरी हसले. मग दुसरे कुणी उठले. तिसरे उठले. झाकणे एकेक करून निघू लागली. एका मडक्यात राख होती, एकात वाळू, एकात जुनी चप्पल, आणि बाकी सगळ्यांत नुसती हवा. प्रत्येक झाकण निघाले की जवळचे कुणीतरी म्हणे, "तुम्हीसुद्धा?" आणि ते म्हणे, "तुम्हीसुद्धा?" कित्येक आठवड्यांत त्या माणसांनी एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहिले नव्हते. आता पाहत होती.

नहूमदादा एकटाच मान खाली घालून बसला होता. त्याचेच झाकण राहिले होते. सगळे थांबले. कुणी त्याचे मडके उघडायला गेले नाही.

शेवटी तो स्वतः उठला. "पाच पाट्यांची रीत माझ्या आजोबांनी घातली," तो म्हणाला. "घर भरलेलं असताना घातली होती. मी ती रिकाम्या घरांवर लादून बसलो. माझ्याकडे दोन पाट्या आहेत. आणि..." त्याने झाकण काढले. "आणि हे असं आहे."

मडके रिकामे होते.

"पाळकबाबा," मागून एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या घरून तर सगळ्यांत दाट धूर निघायचा."

पाळकबाबा लाजले. "ओला पाला होता, आजी. माझ्या गोवऱ्या केव्हाच संपल्या."

आता मात्र सगळे प्रार्थनाघर हसू लागले. हसताना पोटे दुखली, कारण ती रिकामी होती.

त्याच दुपारी सगळ्यांनी आपापल्या राशी आव्यापाशी आणून ओतल्या. कुणाची पाटी, कुणाची अर्धी, कुणाचा नुसता चुरा. कच्ची मडकी रचून झाली. पण नहूमदादाने राशीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "थोडक्यात कमी पडतंय. अर्धवट भाजलेलं मडकं पाण्यात विरघळतं. एवढ्यावर विस्तव दिला तर हेही जाईल आणि तेही जाईल."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्या चुली आठवून प्रत्येकाच्या मनात एकच आले: एक दिवस आधी कुणी बोलले असते तर!

तेवढ्यात प्रार्थनाघरातून घासत घासत काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. पाळकबाबा आपला लाकडी चौथरा ओढत आणत होते. जुने, सुके, जाड लाकूड.

"बाबा, अहो, हे काय!" नहूमदादा धावला.

"यावर उभा राहून मी दर रविवारी सांगत होतो, की उद्याची चिंता करू नका," पाळकबाबा धापा टाकत म्हणाले. "आणि घरी जाऊन ओला पाला पेटवत होतो. आता मी खाली तुमच्याबरोबर चटईवर बसेन. तिथून आवाज जास्त नीट पोचेल. आण ती कुऱ्हाड."

चौथऱ्याच्या ढलप्या आव्यात गेल्या. वर पेंढा, वर राख. "पहिला विस्तव लुदियाने द्यायचा," नहूमदादा म्हणाला, आणि कुणी नाक मुरडले नाही.

आवा धुमसू लागला. इतक्या आठवड्यांनी वाडीवर एकच धूर होता, आणि तो खरा होता.

मग सगळ्यांना आठवले, की आज प्रीतिभोजन आहे. रिकामी कढई मध्ये ठेवलेली होती. मुले सवयीने तिच्याभोवती बसली होती.

लुदियाची नणंद इतका वेळ बाजूला उभी होती. काखेतले भाकरीचे फडके तिने काढले, हातात धरले आणि बराच वेळ त्याच्या गाठीकडे पाहत राहिली. एस्तू तिच्याकडे पाहत होती. लुदियाही.

मग तिने गाठ सोडली.

"वन्सं," लुदिया म्हणाली, "त्या तर वाटेसाठी..."

"वाटेला मी एकटीच जाणार आहे," नणंद फटकन म्हणाली. "मला एकटीला कितीशी भूक लागते?" आणि तिने भाकरी पाळकबाबांच्या हातात दिल्या.

पाळकबाबांनी त्या वर धरून देवाचे उपकार मानले. मग त्या मोडल्या, आणि मोडत मोडत सगळ्यांना वाटल्या. प्रत्येकाच्या तळहातावर एकेक तुकडा आला, बोटाच्या पेराएवढा. कुणीही तो घाईने खाल्ला नाही. सलोमीकाकू पुढे अनेक वर्षे सांगत असे, की तसे जेवण ती पुन्हा कधी जेवली नाही. गाढवालाही एक तुकडा मिळाला. ते काही बोलले नाही. त्याचे काम झाले होते.

आवा थंड झाल्यावर नहूमदादाने राख बाजूला केली. काही मडक्यांना चिरा गेल्या होत्या. त्याने एक धड मडके उचलले आणि टिचकी मारली. ते घंटेसारखे वाजले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

लुदिया आणि नहूमदादा मडकी घेऊन खालच्या गावांत गेले. तिथल्या लोकांनी मापाने धान्य ओतले आणि विचारले, "बरेच दिवस दिसला नाहीत? वाडीचं कसं काय?"

नहूमदादाने मिशीला हात लावला. जुनी सवय. मग हात खाली घेतला. "आम्ही उपाशी होतो," तो म्हणाला. "गुरं मेली. गोवऱ्या नव्हत्या. म्हणून आवा लागला नाही."

लोक चकित झाले. "अहो, मग सांगितलं का नाही? साथ खाली आलीच नाही. आमच्या गोठ्यांमागे शेणाचे ढीग पडले आहेत, न्यायला माणूस मिळत नाही. आम्हाला वाटायचं, तुमच्याकडे रोज एवढा धूर निघतो, तुम्हाला कशाला काय हवंय!"

लुदिया आणि नहूमदादा एकमेकांकडे पाहून इतके हसले, की गावकऱ्यांना कळेना यांना झाले काय. येताना गाढवांच्या एका बाजूला धान्य होते आणि दुसऱ्या बाजूला शेण. लुदियाच्या गाढवाने त्याबद्दल एक शब्दही तक्रार केली नाही.

त्या रात्री वाडीत शिजले, आणि गाढवाला कोंडा मिळाला.

नणंद आणखी चार दिवस राहिली आणि मग निघाली. लुदियाने आपल्या हातचे सगळ्यांत चांगले मडके तिला दिले. नणंद ते कडेवर घेऊन म्हणाली, "पोरीला न्यायला आले आणि मडकं घेऊन चालले. शहरात लोक हसतील मला."

"हसू देत," एस्तू म्हणाली. "मी आईबरोबर येईन की तुझ्याकडे. दर सुगीनंतर."

"येशील ना?" नणंदेने विचारले, आणि वळणापर्यंत तीन वेळा मागे वळून पाहिले.

चांगले दिवस आले. पुन्हा गुरे आली, कणग्या भरल्या. वाडीतले कुंभार आधीसारखीच मडक्यांवर झाकणे घडवत, कारण लोकांच्या घरी झाकणे लागतात. पण उपकाराच्या रविवारी वेदीपुढे झाकलेले मडके पुन्हा कधी आले नाही. ज्याचे भरलेले असे, तो भरलेले आणी. ज्याचे रिकामे असे, तो रिकामे आणून सगळ्यांसमोर ठेवी. आणि प्रीतिभोजन झाल्यावर घरी जाताना ते रिकामे राहिलेले नसे.

बोध: जो आपले रिकामे मडके शेजाऱ्यापुढे उघडे ठेवतो, त्यालाच देवाचे उपकार खऱ्या मनाने मानता येतात.